गोठ्यातील लक्ष्मी आणि चुलीतील अग्नी

दीपावलीच्या मंगलपर्वाचा आरंभ आपल्याकडे लक्ष्मीच्या पूजनाने होत नाही, गाईच्या पूजनाने होतो. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, सायंकाळी सवत्स धेनूची पूजा होते आणि मग धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन असा क्रम लागतो. पुढे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पुन्हा गोठ्यापाशीच येतो. त्या दिवशी कोकणातील कित्येक घरी अंगण सारवून शेणाचा गोवर्धन रचतात, त्यावर फुले वाहतात, नैवेद्य दाखवितात. म्हणजे लक्ष्मीची अमावास्या ही गाईच्या दोन दिवसांच्या मध्ये, एखाद्या रत्नाला कोंदण असावे तशी बसविलेली आहे. आपल्या पूर्वजांनी हा क्रम सहज म्हणून लावला असेल, असे मला वाटत नाही. त्याचे बीज महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. कीर्तनात ही कथा फारशी सांगितली जात नाही, म्हणून प्रथम तीच सांगतो.

शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना धर्मराज विचारतो, की गाईच्या शेणात श्रीचा वास आहे असे मी ऐकले, ते खरे कसे मानावे? पितामह सांगतात : एकदा साक्षात लक्ष्मी मनोहर रूप धारण करून गाईंच्या कळपात आली. तिचे सौंदर्य पाहून गाई विस्मित झाल्या आणि तू कोण, कोठली, असे विचारू लागल्या. लक्ष्मी म्हणाली, मी श्री. मी ज्यांना सोडले ते दैत्य नाश पावले, मी ज्यांच्यापाशी राहिले ते देव वैभवाला चढले. आता मला तुमच्यात राहावयाचे आहे. आपल्यापैकी कोणीही असता, तर पायघड्या घातल्या असत्या! परंतु गाईंनी उत्तर दिले, की बाई, तू चंचल आहेस, आज येथे तर उद्या तेथे. आम्ही आहोत तशा सुखी आहोत, तुझी आम्हांला गरज नाही. लक्ष्मीला असा नकार पूर्वी कोणी दिला नव्हता. ती विनवू लागली, की तुम्ही मला झिडकारलेत तर लोकांत माझी अवज्ञा होईल. तुमच्या देहात त्याज्य असे काहीच नाही, तेव्हा एखाद्या हीन समजल्या जाणाऱ्या जागीदेखील मी राहीन. तेव्हा गाईंनी आपसांत विचार केला आणि सांगितले, आमच्या शेणात आणि मूत्रात राहा, ती आमची पवित्र द्रव्ये आहेत. लक्ष्मी संतोषाने तेथे राहिली.

या कथेतील मर्म असे, की लक्ष्मीने कमळ मागितले नाही, सिंहासन मागितले नाही. सगळ्यांनी टाकून दिलेली जागा तिने मागून घेतली. आणि ती जागा देताना गाईंनीही तिचा अपमान केला असे महाभारतकार म्हणत नाहीत, सन्मान केला असे म्हणतात. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टावर, म्हणजे यज्ञातून उरलेल्या शेषावर, एक संपूर्ण सूक्त आहे आणि या शेषातच सर्व विश्व सामावले आहे, असा त्याचा आशय आहे. उरलेले ते टाकाऊ, ही कल्पना आपल्या परंपरेची नव्हे. टाकाऊ हा शब्द आपण शहरात जाऊन शिकलो.

शेणातील अग्नी

शेणाचे उपयोग आपल्या घरात पूर्वापार दोन, एक खत आणि दुसरा इंधन. अडचण अशी, की हे दोन्ही एकाच शेणातून एकाच वेळी साधत नाहीत. गोवरी थापून चुलीत घातली तर तिच्यातील नत्र धुराबरोबर आकाशात जातो आणि शेताच्या वाट्याला केवळ राख येते. शेण खड्ड्यात घातले तर शेत पोसते, परंतु घरातील बाईला सरपणासाठी रानाची वाट धरावी लागते. शिवाय गोवरीतील उष्णतेचा बहुतेक भाग चुलीच्या भोवती व्यर्थ जातो. जेमतेम दहावा हिस्सा भांड्याच्या बुडाला लागतो. उरलेले नऊ हिस्से कोठे जातात, हे ज्या माउलीने फुंकणी हातात धरून डोळे चोळले आहेत, तिला विचारावे.

गोबर गॅसने हे द्वंद्व मिटविले. त्याची क्रिया मुळात गाईच्या पोटातलीच आहे. गाईच्या पहिल्या कोठ्यात वारा नसतो, ऊब असते, आणि तेथे असंख्य जीवाणू चाऱ्याचे विघटन करीत असतात. त्यांतील काही शेणाबरोबर बाहेर येतात. ते शेण तितक्याच पाण्यात कालवून हवाबंद टाकीत सोडले, की त्या जीवाणूंना वाटते आपण अजून गाईच्या पोटातच आहोत, आणि ते आपले काम पुढे चालवितात. त्यातून जो वायू निघतो त्यात साधारण पंचावन्न ते पासष्ट टक्के मिथेन हा जळणारा वायू असतो, उरलेला बहुतांश कर्बवायू. एक किलो ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. म्हणजे रोज ५० किलो शेण घातले तर दोन घनमीटर वायू होतो आणि त्यावर पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. एक घनमीटर वायू अंदाजे साडेतीन किलो लाकडाचे काम करतो. आणि टाकीच्या दुसऱ्या तोंडातून जी मळी बाहेर पडते, तिच्यात शेणातील नत्र जवळजवळ सगळा शाबूत असतो. शेत आणि चूल, दोघींनाही आपापला वाटा मिळतो.

मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून असा वायू काढून त्याचा वापर करण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना समाजाने वेशीबाहेर टाकले होते, त्यांच्या वस्तीत हा दिवा प्रथम लागला! पुढे १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत देसाई यांनी शेणावर शास्त्रीय प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५० नंतर लोखंडी तरंगत्या घुमटाची टाकी तयार करून तिला 'ग्रामलक्ष्मी' असे नाव दिले. त्या नावापाशी मी नेहमी थबकतो. नाव ठेवताना अनुशासनपर्वातील ती कथा त्यांच्या मनात होती की नव्हती, कोण जाणे. पण त्यांना याहून उचित नाव सापडले नसते. साठीच्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ही टाकी उचलून धरली, तेव्हापासून ती खेड्यांत दिसू लागली. १९८४ साली पूर्णतः विटांची, जमिनीत गाडलेल्या घुमटाची 'दीनबंधू' टाकी आली.

कोकणापुरते एक सांगितले पाहिजे. आपल्याकडची खारी हवा लोखंडाला टिकू देत नाही. रंग देण्यास एक पावसाळा चुकला, की घुमटाला गंज चढून भोके पडतात. म्हणून किनाऱ्यालगतच्या गावी पक्क्या घुमटाची टाकीच बरी. खड्डा खणताना जांभा लागतो आणि काही ठिकाणी पाणी लागते, हीदेखील येथील अडचण आहे. उलट आपली उबदार हवा या जीवाणूंना फार मानवते. थंड मुलुखात शेण टाकीत पंचावन्न दिवस ठेवावे लागते. आपल्याकडे तीस-चाळीस दिवस पुरतात.

सोवळ्याचा प्रश्न

कीर्तन आटोपले, आरती झाली, प्रसाद वाटला गेला, की मंडपातील वडीलधाऱ्या स्त्रिया बुवांशी दोन शब्द बोलण्यास थांबतात. कीर्तनातील तत्त्वज्ञानापेक्षा या बोलण्यात खरे प्रश्न निघतात, असा माझा गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव आहे. "बुवा, गोबर गॅसवर सोवळ्याचा स्वयंपाक चालतो का?" हा प्रश्न मला अनेक गावी विचारला गेला आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या शेणाने आपण सोवळ्याची जागा सारवितो, ज्याच्या गोवरीवर अग्निहोत्र चालते, पंचगव्यात जे आपण प्राशन करतो, त्याच्यातून निघालेल्या अग्नीवर नैवेद्य शिजला तर त्यात विटाळ कोठून येणार? निळी ज्योत, धूर नाही, पितळेच्या पातेल्याला काजळी नाही. देवाला चुलीचा धूर आवडतो असे शास्त्रात मी कोठे वाचलेले नाही.

खरा प्रश्न त्यानंतरचा असतो आणि तो आवाज खाली आणून विचारला जातो. "काही ठिकाणी म्हणे संडासही त्याच टाकीला जोडतात. मग?" विचारणारीच्या मुद्रेवर घृणा असते, परंतु तिच्याबरोबर एक प्रामाणिक भयही असते, की आपल्या हातून देवाचा अपराध तर घडणार नाही ना. या भयाची थट्टा करणारे लोक मला आवडत नाहीत. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या कुळाचार सांभाळला त्याला हा प्रश्न पडावा, यात त्या घराची निष्ठाच दिसते. म्हणून त्याचे उत्तरही शास्त्राला धरूनच दिले पाहिजे.

महाभारताच्या आदिपर्वात पुलोमेच्या कथेत भृगू ऋषी अग्नीवर रागावतात आणि तू सर्वभक्षक होशील, असा शाप देतात. अग्नी दुखावला जातो. मी देवांचे आणि पितरांचे मुख, माझ्या द्वारे ते हवि ग्रहण करतात; मीच वाटेल ते खाणारा झालो तर त्यांच्या मुखी काय घालू? असे म्हणून तो सगळ्या यज्ञांतून स्वतःला आवरून घेतो. अग्निहोत्रे थांबतात, लोक हवालदिल होतात, ऋषी देवांकडे आणि देव ब्रह्मदेवाकडे धावतात. ब्रह्मदेव शाप मोडीत नाही. तो अग्नीला समजावतो, की सूर्याच्या किरणांचा स्पर्श झालेले सर्व काही जसे शुद्ध मानले जाते, तसे तुझ्या ज्वाळांनी दग्ध झालेले सर्व काही शुद्धच होईल. तेव्हा कोठे अग्नी परततो.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न हजारो वर्षांपूर्वी पडला होता, असे ही कथा सांगते. जो मलीन पदार्थही खातो त्या अग्नीच्या मुखाने देवांना नैवेद्य कसा द्यावा? उत्तर असे, की अग्नी विटाळत नाही, विटाळ अग्नीत संपतो. त्याला पावक म्हणतात ते याच अर्थाने. आणि येथे तर मळ प्रत्यक्ष अग्नीत जातच नाही. त्याचे टाकीत विघटन होते, त्यातून वायू वर निघतो, तो नळीने येतो आणि मग पेटतो. ज्याला एवढ्यानेही समाधान होत नसेल त्याने आपल्या शेताकडे पाहावे. मैल्यापासून झालेल्या खताला आपल्या भाषेने 'सोनखत' म्हटले आहे. त्या खतावर पिकलेल्या भाजीची वडी, त्या खतावर वाढलेल्या केळीचे पान आपण देवापुढे ठेवतो. तेथे कोणी विचारीत नाही.

माझे मत असे. एवढे ऐकूनही ज्या घराचे मन घेत नाही, त्याने कुळाचाराचा नैवेद्य वेगळ्या शेगडीवर करावा. श्रद्धेच्या बाबतीत बळजोरी नको. परंतु शेजाऱ्याने अशी टाकी बांधली म्हणून त्याच्या घरचे पाणी टाळू नये.

रत्नागिरीच्या तुरुंगातील एक मागणी

या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. आपल्या घरातील मळ आपल्या दृष्टीआड होत होता, तो कोणाच्या तरी डोक्यावरून. आपण शुचिर्भूत राहत होतो, कारण दुसऱ्या कोणी तरी अशुचि राहण्याचे पत्करले होते. पत्करले तरी कसे म्हणावे, त्याच्यावर ते जन्माने लादले होते.

रत्नागिरी शहरात १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींच्या हिंदूंना त्या गाभाऱ्याचे दार उघडले. पुढच्याच वर्षी याच शहरातील तुरुंगात एक विलक्षण प्रसंग घडला. सीताराम पुरुषोत्तम उर्फ आप्पासाहेब पटवर्धन हे सत्याग्रही तेथे बंदिवासात होते. जन्म १८९४ चा, कुळ ब्राह्मणाचे, शिक्षण उच्च, गांधीजींच्या आश्रमात राहून आलेले. त्यांनी अधिकाऱ्यांकडे मागणी केली, की मला भंगीकाम द्या. तुरुंगाच्या नियमात ते बसत नव्हते. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे सरकारचे म्हणणे. आप्पासाहेबांनी अन्न कमी केले. हे कळताच येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावर ते अल्पावधीतच सुटले.

इतर सत्याग्रही कैदी पुस्तके मागत होते, पत्रे मागत होते. आप्पासाहेबांनी खराटा आणि बादली मागितली. संन्यास घेणे त्या मानाने सोपे!

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली आप्पासाहेबांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला. कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. गोपुरीत त्यांनी मृत जनावरांचे कातडे सोडविण्याचे काम स्वतः केले, आणि खेड्यातील गरिबाला परवडेल असा सोपा संडास तयार केला. ज्याचा मैला कोणालाही हाताने उचलावा लागणार नाही, जो जागच्या जागी खत होईल, असा संडास हे त्यांच्या आयुष्याचे एक ध्येयच झाले. पुढे मैल्यापासून खताबरोबर वायूही मिळावा, यासाठी त्यांनी खटपट केली. १९७१ साली ते निवर्तले. कोकणचे गांधी म्हणून लोक त्यांना ओळखत. त्यांची एखादी तरी गोष्ट दरवर्षी उत्तररंगात सांगावी, असा नियम कोकणातील कीर्तनकारांनी करण्यास हरकत नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. तेव्हा खराट्याचा आणि वीणेचा संबंध आपल्या परंपरेला नवीन नाही.

देहूचे डॉक्टर

आप्पासाहेबांचे हे काम ज्याने पुढे नेले तो गृहस्थ नेमका श्रीतुकाराम महाराजांच्या देहूस येऊन राहिला, हा मी दैवी योग मानतो. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे १९६० च्या आगेमागे देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. आलेल्या रोग्याला औषध द्यावे, तो बरा होऊन घरी जावा आणि काही दिवसांत त्याच व्याधीने परत यावा, असे चालले होते. गावाभोवतालची घाण पाण्यात उतरते आणि पाणी पोटात जाते, हे मूळ त्यांच्या ध्यानी आले. इंद्रायणीच्या ज्या तीरावर वारकरी स्नान करतात, त्याच तीराची ही अवस्था! त्यांनी गावकऱ्यांना समजावून काही संडास बांधून घेतले, ते पहिल्याच पावसाळ्यात कोसळले. पुढे आप्पासाहेबांच्या सोप्या संडासाची माहिती त्यांना मिळाली, तेव्हा काम रुळावर आले. डॉक्टर देहूतच राहिले. घरोघर संडास व्हावा म्हणून त्यांनी दारोदार हिंडून सांगितले, आणि अनेक वर्षे घालवून ते घडवून आणले.

संडासाला जोडलेल्या वायूच्या टाकीचा जो प्रकार त्यांनी सुधारून रूढ केला, त्याचे नाव 'मलप्रभा'. संस्कृतच्या अभ्यासकाला या समासाचा विग्रह करताना आनंद होतो : मलाची प्रभा, मळातून निघालेले तेज. मल आणि प्रभा हे दोन शब्द शेजारी बसविण्याचे धैर्य आमच्या एकाही महाकवीला झाले नाही. या टाकीत मैला पडतो तो आत, वायूरोधी जागेत. दुर्गंधी नाही, माशी नाही, कोणाच्या हाताचा स्पर्श नाही. डॉक्टरांचे २०१५ साली निधन झाले आणि २०१७ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. मानवी मैला हाताने उचलण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात १९९३ साली झाला, पुन्हा अधिक कडक असा २०१३ साली झाला. आप्पासाहेबांची रत्नागिरीच्या तुरुंगातील मागणी १९३२ ची. मधली वर्षे वाचकांनी मोजावीत.

मुरूडच्या महर्षींचा नातू

ज्यांच्या घरी गुरे नाहीत, असे वाचक एव्हाना म्हणत असतील, की बुवा, आम्ही काय करावे? गोठे रिकामे होत चालले आहेत, हे खरेच आहे. दापोली तालुक्यातील मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. त्यांचे नातू आणि विदुषी इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याच्या आरती या संस्थेत त्यांनी या प्रश्नाचा उलट बाजूने विचार केला. शेण हे जीवाणूंचे अन्न नव्हेच, असे ते म्हणाले. गाईने चाऱ्यातील सत्त्व काढून घेतल्यावर उरतो तो चोथा; त्यावर जीवाणू कसेबसे जगतात, म्हणून चाळीस दिवस लागतात. त्यांना पिष्ट आणि साखर द्या. शिळा भात, पोळीचे तुकडे, खराब झालेले धान्य, हे त्यांचे पक्वान्न. अशा दोन किलो अन्नातून चोवीस तासांत जेवढा मिथेन मिळतो, तेवढ्यासाठी शेण चाळीस किलो लागते आणि दिवसही चाळीस लागतात, असा त्यांचा हिशेब होता. प्लॅस्टिकची पाण्याची एक टाकी दुसरीत उपडी घालून त्यांनी अंगणात मावेल असे लहान संयंत्र केले. या कामासाठी २००६ साली संस्थेला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

येथे शेण लागते ते फक्त आरंभी. दुधाला जसे विरजण, तसे. एकदा विरजण लागले, की पुढे रोज थोडे खरकटे, भाताची पेज, भाज्यांचे देठ बारीक करून पाण्यातून घालावयाचे. लिंबाच्या साली फार घालू नयेत, टाकी आंबते आणि वायू थांबतो. नारळाची करवंटी, किशी, काटक्या यांत घालून उपयोग नाही. आपल्या रत्नागिरीत आंब्याच्या हंगामात बाठ्यांचे ढीग पडतात. बाठ्याच्या आतील गरात भरपूर पिष्ट असते आणि तो दळून घातला तर जीवाणूंना मेजवानीच आहे.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी उपाहारगृहे, वसाहती, बाजार यांच्या ओल्या कचऱ्यासाठी मोठे संयंत्र उभारले आणि त्याला 'निसर्गऋण' असे नाव दिले. आपल्या धर्मात देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्मतो. अणुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यात चौथ्याची भर घातली आणि ते फेडण्याची यंत्रणाही दिली! गोव्यात साळगाव येथे २०१६ पासून ओल्या कचऱ्यातून वायू आणि त्यापासून वीज होऊ लागली. केंद्र सरकारने २०१८ साली आखलेल्या योजनेचे नावही 'गोबरधन'.

निर्माल्य

आता देवघराकडे येतो. चार दिवसांच्या या सणात घरोघर झेंडूची तोरणे, पूजेची फुले, दूर्वा, पत्री यांचा भारा जमतो आणि अमावास्येनंतर तो काजळी नदीच्या पात्रात, खाडीत किंवा समुद्रात पिशवीसकट सोडला जातो. निर्माल्य पायदळी येऊ नये, हा शास्त्राचा हेतू. वाहत्या जलात ते विसर्जन करावे हा उपाय ज्या काळात सांगितला, त्या काळी पिशवी नव्हती, गावही शंभर उंबऱ्यांचे होते. आज भरतीबरोबर तेच निर्माल्य किनाऱ्यावर परत येते आणि पायदळीच येते. मग हेतू साधला कोठे? झाकलेल्या टाकीत, कोणाचा पाय न लागता, ते अग्नी आणि खत या दोन रूपांत परत यावे, हे विसर्जनच होय. दोरा, जरीचा कागद आणि प्लॅस्टिक काढून, फुले कुस्करून घालावीत. झेंडू सावकाश कुजतो आणि फुलांतून वायू फार निघत नाही. एवढ्यावर चूल पेटेल अशी आशा धरू नये. एकट्या घराला हे परवडत नसेल तर देवस्थानाने किंवा उत्सवमंडळाने करावे. अन्नछत्र चालविणाऱ्या देवस्थानांपाशी खरकटे आणि निर्माल्य दोन्ही असतात, आणि ज्योतीची गरजही त्यांनाच अधिक.

सिंधुदुर्गातील झाराप येथे डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने शेतकरी कुटुंबांच्या दारात अशा टाक्या हजारोंनी बांधून दिल्या आहेत. पहाटे उठून फाट्यांसाठी डोंगर चढणाऱ्या स्त्रीच्या दिवसाचे दोन प्रहर यामुळे मोकळे होतात. दुसरीकडे, चाळीस वर्षांपूर्वी अनुदान मिळाले म्हणून बांधलेल्या आणि पुढे सिलिंडर घरात येताच माती भरून बुजविलेल्या टाक्याही मी पाहिल्या आहेत. टाकी बांधणे हे नैमित्तिक कर्म आहे, तिला रोज शेण घालणे हे नित्यकर्म. ज्याच्याकडून स्नानसंध्या नियमाने होत नाही त्याने टाकीचे पुण्य पदरात पडेल असे समजू नये. ज्यांच्या घरी तीन-चार मोठी जनावरे आहेत आणि ते शेण रोज कालविणारे कोणी आहे, त्यांनीच शेणाची टाकी बांधावी. आपल्या 'कोकण कपिला' गाईला २०१८ साली स्वतंत्र वंशाची मान्यता मिळाली, ती अंगाने लहान आणि दिवसभर रानात चरणारी. तिचे शेण गोठ्यात कमी पडते, तेव्हा हिशेब तिच्याप्रमाणे धरावा.

बांधणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगून लेखणी ठेवतो. पहिल्यांदा भरलेला वायू हवेत सोडून द्यावा, त्यात बाहेरचा वारा मिसळलेला असतो. नळी गळते का हे काडी ओढून कधीही पाहू नये, साबणाचे पाणी लावून पाहावे. नळीत पाणी साचून ज्योत फडफडू लागली तर सखल जागी बसविलेली तोटी उघडून ते काढावे. आपल्या दमट हवेत हे वरचेवर करावे लागते. पौषाच्या थंडीत वायू थोडा कमी येईल, तेव्हा शेण कोमट पाण्यात कालवावे. आणि टाकी शेण घातल्यापासून पेटण्यास तीन-चार आठवडे घेते, म्हणून या वसुबारसेला जो शेण घालील, त्याची ज्योत मार्गशीर्षातील गुरुवारच्या लक्ष्मीच्या नैवेद्याला तयार असेल.